निपाणीचं आंबवण

बादली लख्ख झाली आणि मगच नंदकिशोरांच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते.

बादली शेजारच्या चंद्राबाईंची. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने मल्लेश्वरमला लेकीकडे जाताना त्यांनी पाच कोंबड्या आणि ही निळी बादली नंदकिशोरांच्या हवाली केली होती. कोंबड्यांबद्दल त्या दोन वाक्यं बोलल्या. बादलीबद्दल अर्धा तास.

"कोंडा, मक्याची भरड, स्वल्प नाचणी, वर चार बोटं पाणी. तीन दिवसांत आंबतंय. पण सगळं काढायचं नाही अण्णा. तळाला वाटीभर ठेवायचं, त्याच्यावरच नवं भिजवायचं. दह्याच्या विरजणागत. माझ्या सासूबाईंचं आंबवण आहे हे. चाळीस वर्षांमागं निपाणीहून किटलीतनं आणलं, एसटीत मांडीवर धरून. काय बी झालं तरी बादली घासायची नाही."

नंदकिशोरांनी चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात गुणवत्ता तपासणी केली होती. बादलीच्या कडेचा पिवळट थर त्यांना नऊ दिवस दिसत राहिला. दहाव्या दिवशी कोंबड्यांचं खाणं झाल्यावर त्यांनी बादली उपडी केली. मग गरम पाणी, मग साबण, मग ब्लीचिंग पावडर. इतकी स्वच्छ बादली अख्ख्या बनशंकरीत दुसरी नसेल. निपाणीच्या सासूबाई मात्र मागच्या मोरीतून निघून गेल्या.

"दह्यावरचं पाणी घाला त्यात चमचाभर," प्रतिमा स्वयंपाकघरातून म्हणाली. नवऱ्याचे पराक्रम तिला जुने होते. "कोंबड्यांना काय कळतंय!"

घातलं. तिसऱ्या दिवशी बुडबुडे आले, आंबूस वास सुटला. कोंबड्या तुटून पडल्या. अंडीही पूर्वीसारखीच. कुठे तक्रारीला जागा नाही, आणि तेच वाईट होतं. एखादी कोंबडी रुसली असती, तर निदान शिक्षा झाल्यासारखं वाटलं असतं. फक्त ती ठिपक्यांची तेवढी चोच घालण्याआधी मान वाकडी करून एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघायची. कारखान्यात दक्षता विभागाचे एक साहेब होते. ते असेच बघत.

दर रविवारी चंद्राबाईंचा फोन यायचा. गुडघ्याचं त्या अवाक्षर काढत नसत.

"आंबवण कसं आहे अण्णा?"

"उत्तम आहे अक्का."

रविवारी दुपारी नंदकिशोरांच्या घशाखाली दहीभात उतरेनासा झाला.

दोन महिन्यांनी चंद्राबाई काठी टेकत परत आल्या. बरोबर नात शलाका होती. ती इंदिरानगरला नोकरी करायची, आणि हल्लीच तिनं गच्चीवर दोन कोंबड्या आणल्या होत्या.

"काका, लोक याची पाकिटं ऑनलाइन मागवतात," ती बादलीपाशी उकिडवी बसत म्हणाली. "आणि आमच्याकडे बघा, चाळीस वर्षांचं, पणजीच्या वेळचं! मी बाटलीभर घेऊन जाणारे. पुढे माझ्या मुलांनाही देईन."

चंद्राबाईंनी बादलीत बोट बुडवलं. नाकाशी नेलं. डोळे मिटले.

"सरी, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तोच वास."

सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण शलाका बाटली आणायला आत गेली आणि नंदकिशोरांना तिची मुलं दिसायला लागली. अजून न झालेली. रांगेत उभी, हातात दह्याच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन. चौतीस वर्षांत त्यांनी खोट्या प्रमाणपत्रावर सही केली नव्हती.

"अक्का," ते म्हणाले, "मी बादली घासली. ब्लीचिंग घालून. हे आमच्या दह्याचं आहे. तुमच्या सासूबाईंचं सगळं मी मोरीत घालवलं."

चंद्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. तोवर शलाका बाटली घेऊन आलीच. चंद्राबाईंनी बाटली भरली, झाकण सैलसर लावलं आणि नातीच्या ओंजळीत ठेवली.

"जप गं. निपाणीचं आहे. आणि काय बी झालं तरी भांडं घासायचं नाही."

शलाकानं ती तीर्थासारखी दोन्ही हातांनी धरली. स्कूटर गल्लीच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत नंदकिशोर तोंड उघडं टाकून उभे होते.

"अक्का, मी आत्ता बोललो ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की. गुडघा बदललाय, कान तेच आहेत."

त्या पायरीवर टेकल्या. काठी बाजूला ठेवली. ठिपक्यांची कोंबडी त्यांच्या पायाशी येऊन बसली.

"लग्नाच्या चौथ्या दिवशी मडकं घासलं मी," त्या कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "नवी सून, काम दाखवायची हौस. सासूबाई बाजाराला गेलेल्या. राख घेतली, काथ्या घेतला, लख्ख केलं. मग कुणीतरी सांगितलं आत काय होतं ते. ताक ओतलं त्यात आणि गप बसले. सहा वर्षं."

"सहा वर्षं!"

"तुम्ही दोन महिन्यांत सांगितलंत अण्णा. मला कुठं जमलं? इकडं यायला निघालो, सासूबाई किटलीत भरून देत होत्या, तवा रडू फुटलं आणि बोलले."

"मग? रागावल्या?"

"वास घेतला आधी. किटलीचं झाकण लावलं. आणि म्हणाल्या, 'माझ्या सासूला तर मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.'"