तिसरी तांबडी गोळी

एकादशीचा दिवस. गुंद गावच्या गणपती नावाच्या शेतकऱ्याच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. लेक रक्षिता ओसरीवर शाळेचं कोडं सोडवत होती: तीन डबे, बारा गोळ्या, प्रत्येक डब्यात तीन निळ्या आणि एक तांबडी. गोळ्या तिनंच मातीच्या वळून रंगवल्या होत्या.

“आप्पा, एक तांबडी कमी पडतीया.”

“नीट मोज की गं! अगदी आत्यावर गेलीस.”

आत्या म्हणजे फुला, त्याची धाकटी बहीण. ओढ्याकाठचं शेत दोघांपैकी कुणाला, याचा कौल काही वर्षांपूर्वी देवळात लावला होता. मडक्यात दोन मातीच्या गोळ्या टाकायच्या, त्याची निळी आणि तिची तांबडी. पुजारी काढील ती खरी. टाकणारा गणपतीच. त्यानं तांबडी गालात दडवली आणि निळी निघेपर्यंत गिळूनही टाकली.

फुलानं ते पाहिलं होतं. ती ओरडली नाही की रडली नाही. “एक तू गिळलीस, अण्णा,” हळू आवाजात म्हणाली, “बाकीच्या मी भरवीन.” त्याच वर्षीच्या श्रावणात ती वारली.

“आप्पा, आता दुसरीबी न्हाई!”

गणपती उठून डब्यांत डोकावला. निळ्या नऊच्या नऊ होत्या, तांबडी एकच. त्याच्या उपाशी तोंडात ओल्या मातीची चव पसरली. जिभेखाली काहीतरी गोल, गार सरकलं, मग आणखी एक. थुंकायला गेला, तर दोन्ही गोळ्या घशाकडं सरकल्या.

रक्षितानं शेवटची तांबडी चिमटीत उचलली आणि ती बापाजवळ आली.

“तोंड उघड, अण्णा,” ती हळू आवाजात म्हणाली.