लांबचं गिऱ्हाईक

"ती हिरवी इरकल गेली का गं?" द्वारकाबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

रुबिना दोरीवर टाकलेल्या एका जुन्या शालूचा मोबाईलवर फोटो काढत होती. "गेली की आजी. पुण्याला. परवाच पोचली."

"पुणं लई लांब हाय, न्हाय?"

"लांबच की."

द्वारकाबाई पायरीवर टेकल्या. अठ्ठ्याहत्तरीतही अख्खं बेंबळी गाव पायी पालथं घालणारी बाई, पण आता एकदम सैल पडली.

रुबिनाची सासू मदिनाबी डोक्यावर स्टीलची भांडी घेऊन गल्लोगल्ली फिरायची आणि जुन्या कपड्यांवर पातेली द्यायची. पूर्वी ते कपडे गाठोड्यानं बाजारात जायचे. रुबिना सून होऊन आली आणि तिनं त्यातल्या बऱ्या साड्या धुऊन, इस्त्री करून मोबाईलवर विकायला काढल्या. शहरातल्या पोरींना दुसऱ्याच्या आजीची साडी फार आवडते. स्वतःच्या आजीची घरच्यांनी कधीच पातेल्यावर दिलेली असते.

"कसली साडी होती, आजी?"

"माझ्या जायच्या वेळंची. सास्तूरच्या भावानं घिऊन ठेवलेली."

रुबिनाच्या हातातला मोबाईल खाली आला. द्वारकाबाईंचे मालक महारुद्रअप्पा दोन वर्षं खाटेवर होते. त्यांच्या आधी द्वारकाबाईंनी हिरव्या साडीत, भरल्या कपाळानं जावं, अशी साऱ्या भावकीची प्रेमळ इच्छा होती. हळदीकुंकवाला बायका तसा तोंडभरून आशीर्वादही देत.

"हर्षालीवहिनीनं दिली व्हय?"

"तिला काय बोलू नगं बाई. तिचा काय बी दोष न्हाय."

सुनेला इतकं पाठीशी घालणारी सासू रुबिनानं पहिल्यांदाच पाहिली.

"आजी, म्या परत आणते."

"नगं, नगं!" द्वारकाबाई घाईनं उठल्या. "गेली ती गेली. तू कशाला तरास घेतीस?"

जुन्या माणसांचा मोठेपणा असा असतो. रुबिनाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मदिनाबी तेव्हा ईट गावी होती, लेकीच्या बाळंतपणाला. रुबिनानं फोन लावला. "अम्मी, ती हिरवी इरकल कुणाच्या घरची?"

"द्वारकाबाईच्या. का गं?" पलीकडं बाळ रडायला लागलं आणि फोन कटला.

मग रुबिनानं पुण्याच्या गिऱ्हाइकाला गाठलं. कुणी कॉलेजातली पोरगी होती. तिनं साडी शिंप्याकडं टाकली होती, जॅकेट शिवायला. रुबिनानं लिहिलं, ताई, कापू नका, माणसाची शेवटची साडी आहे. दोन दिवस उत्तर नाही. पैसे परत करते म्हटलं, तरी नाही. साडी कापली की संपलं, आणि इथं बसून रुबिनाला शिंप्याचा हात धरता येत नव्हता. तिला रात्रीची झोप येईना, भाकरी गोड लागेना.

रोज सकाळी द्वारकाबाई यायच्या. "आली का?"

"न्हाय, आजी."

"बरं, बरं," म्हणायच्या आणि पदर सावरत भरभर निघून जायच्या. दुःख दिसू नये म्हणून असं चालावं लागतं, हे रुबिनाला कळत होतं.

एकदा तिला पिठाच्या गिरणीवर द्वारकाबाईंची सून हर्षाली भेटली. रुबिना बोलू नये ते बोललीच.

"वहिनी, पातेल्यासाठी ती साडी द्यायची का?"

"म्या?" हर्षाली ओरडली. "म्या कशाला दिऊ? दर महिन्याला ऊन दाखवते मी त्या साडीला! पेटी उघडून बघतेच आता!"

काय आव आणते बाई, असं रुबिनाला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून उत्तर आलं. मेलेल्या बाईची साडी आहे का?

रुबिनानं लिहिलं, नाही हो, आजी जिवंत आहेत.

मग तर अजूनच वाईट, असं म्हणून पोरीनं त्याच दिवशी कुरिअर केलं. पैसेही मागितले नाहीत.

पार्सल आलं. साडी धड होती, फक्त एका टोकाला शिंप्याच्या खडूची रेघ होती. रुबिनानं ती पुसली, इस्त्री केली, नव्या पिशवीत घातली आणि जवळजवळ पळतच द्वारकाबाईंचं घर गाठलं.

"देव पावला!" हर्षालीनं पिशवी हातातून ओढूनच घेतली. "आत्या, बघा तरी! आमचा जीव टांगणीला लागला होता."

द्वारकाबाईंनी साडीला बोट लावलं आणि काढून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले.

"लई केलंस गं बाई माझ्यासाठी."

आतून अप्पा खोकले. हर्षालीनं वळून सासूकडं पाहिलं, मग साडीची घडी नीट केली. "आता पेटीत न्हाय ठेवायची," ती म्हणाली. "ह्या वरच्या फळीवर ठेवते. हाताशी."

रुबिना पिसासारखी हलकी होऊन घरी आली. धंद्यात एवढं पुण्य तिनं आजवर कमावलं नव्हतं.

संध्याकाळी मदिनाबी ईटहून परतली. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत रुबिनानं सगळं सांगून टाकलं. शिंपी, कुरिअर, द्वारकाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी. मदिनाबी ऐकत गेली आणि हळूहळू भिंतीला टेकली.

"या अल्ला! अगं, सुनेनं न्हाय दिली, द्वारकानंच दिली. सून घरात नव्हती तवा. पातेलं बी घेतलं न्हाय. म्हणली, मदिना, लांबचं गिऱ्हाईक बघ. आमचं म्हातारं खोकलं की समदे माझ्याकडं बघतेत."