बाई थांबल्या ते अकरा सेकंद

"मृण्मयीताई, एवढं कापू ना?" संपादन-यंत्रानं तिसऱ्यांदा विचारलं. "अकरा सेकंद बाई नुसत्या गप्प उभ्या आहेत. इथेच सगळ्यात जास्त मुलं पाठ सोडून जातात."

पडद्यावर कानडेबाई होत्या. हातात खडू, केसांत अबोलीचा गजरा. देवरुखच्या शाळेत वीस वर्षांपूर्वी टिपलेल्या त्यांच्या तासावर आता सत्तर लाख मुलं फुकट शिकत होती, आणि जे कंटाळवाणं वाटेल ते हे यंत्र छाटत होतं. आज शेवटचा हात फिरला की मूळ तास पुसला जाणार होता.

"गप्प नाहीत रे त्या, वाट बघतायत," मृण्मयी म्हणाली. "समोर तिसऱ्या बाकापाशी मी उभी होते. मला 'बाष्पीभवन' म्हणायचं होतं आणि पहिल्याच अक्षरावर गाडी अडली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. बाईंनी त्यांच्यावर डोळे वटारले आणि मला म्हणाल्या, 'सावकाश गं. मला कुठे एसटी पकडायचीय?' आणि थांबल्या."

"पण ताई, आजच्या मुलांना त्याचं काय?"

"एवढंच परत लावून बघणारं कुणीच नाही?"

यंत्रानं नोंदी चाळल्या. "आहेत. तीनशे बारा मुलं. रोज तेवढंच लावतात आणि त्या अकरा सेकंदांत माइक सुरू करून स्वतः उत्तर देतात. अडखळत."

मृण्मयीनं डोळे पुसले.

"मग राहू दे की. बाईंना कुठे एसटी पकडायचीय?"