आत जाऊ नकोस
अमेरिकेला नोकरीसाठी जाताना प्रज्ञेश मुखवटेवाल्या खुन्यांच्या सिनेमांच्या कॅसेटी सदाशिव पेठेत आईकडेच ठेवून गेला. "असलं रक्तबंबाळ काय बघता रे?" असं त्याच्या मित्रांवर डाफरणाऱ्या कांताबाईंनी एका दुपारी घरातली शांतता सोसेना म्हणून त्यातलीच एक लावली. पडद्यावरची मुलगी अंधाऱ्या घरात शिरू लागली, दारामागे सुरा चमकला आणि कांताबाई जिवाच्या आकांताने ओरडल्या, "अगं, आत जाऊ नकोस!" दोन दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिलेच शब्द. ओरडून बरं वाटलं. पोरं हे का बघायची ते कळलं. शेजारची शर्मिला धावत आली. "काय झालं, मावशी?" "सिनेमा बघतेय गं. ये, बस ना." "गॅसवर दूध ठेवलंय हो," म्हणून ती गेली. दार उघडं ठेवूनच कांताबाईंनी कॅसेट मागे नेली. या वेळी त्या आणखी मोठ्याने ओरडल्या.