जास्तीचा तारा

"मृगाच्या पायाशी तो तारा नसतोच!"

तारांगणाच्या घुमटाखालच्या अंधारात सगळी शाळा खिदळली. "अकलेचे तारे तोडतेय," कुणीतरी म्हणालं.

यंत्रापाशी उभ्या असलेल्या तिने आवाज ओळखला. तिचीच लेक.

"बाळ, शहरातल्या उजेडात गच्चीवरून सगळे तारे दिसत नाहीत," निवेदक समजुतीने म्हणाले.

"दुर्बिणीतूनही दिसत नाही. नकाशातही नाही. आईनेच दाखवलंय मला आकाश."

सगळ्या माना यंत्राकडे वळल्या. आकाश ठेंगणं होणं म्हणजे काय, ते तिला त्या बुटक्या घुमटाखाली कळलं.

खेळ संपल्यावर साहेबांनी नकाशा ताडून पाहिला. यंत्र म्हणजे पत्र्याचा काळा गोळा. आत दिवा, आणि ताऱ्यागणिक एक भोक.

"पोरगी बरोबर आहे हो. एक भोक जास्त आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "म्हणजे तुमच्या बाबांच्या हातून..."

बाबांनी हा गोळा आयुष्यभर सांभाळला होता. यंदा ते गेले, तेव्हा साहेबांनीच शोकसभेत सांगितलं होतं, या माणसाचा हात कधी चुकला नाही.

"उद्या तपासणीला पाहुणे यायचेत. तेवढं बुजवून टाका. बाबांच्या नावाला बट्टा नको."

"बघते, साहेब."

लेक दाराशी रडवेली उभी होती. "आई, मी आजोबांची चूक काढली?"

"तुझी नजर पाहून ते डोक्यावर घेऊन नाचले असते तुला."

"आणि आजी?"

"आजीला काय, निमित्तच हवं!"

दोघी हसल्या. आजीचा राग जुना होता. आजीला ही झाली त्या दिवशीसुद्धा हा माणूस संध्याकाळपर्यंत यंत्रात डोकं घालून बसला, दवाखान्यात आला तो काळे हात घेऊन, हे तिने जन्मभर ऐकवलं. बाबा मिशीत हसत एवढंच म्हणत, "काम तसंच होतं, बाई."

लेकीला बाहेर बसवून तिने गोळा उघडला. बाबांची हत्यारांची पेटी पुढे ओढली. काम बारीक होतं. त्यांच्यासारखाच श्वास रोखून तिने ते केलं, आणि मग आपले काळे झालेले हात पुसले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. साहेबांनी नजरेनेच विचारलं, "झालं?"

"झालं."

"बरं केलंत. बाबांचं नाव राहिलं."

"राहिलं, साहेब."

दिवे मालवले. घुमट ताऱ्यांनी भरला. शेजारी बसलेल्या लेकीने मृग शोधला, पायाशी पाहिलं आणि आईचा पदर ओढला.

"आई! आता तर दोन आहेत!"

"हळू बोल," ती कुजबुजली. "जुना तारा म्हणजे मी. नवा म्हणजे आजोबा."