दोष नाही

दवाखान्यात रोगांचे कोड भरणाऱ्या बाईंना मोठ्या डॉक्टरांची रीत तोंडपाठ होती. वर्षाच्या तपासणीला आलेल्या माणसाचा कोड रिपोर्ट यायच्या आधीच भरून टाकायचा, 'नेहमीची तपासणी, दोष नाही'. एकदा तो कोड पडला की मागून आलेला रिपोर्ट कुणी उघडतसुद्धा नसे, थेट कपाटात जाई. बाईंच्या नवऱ्याचाही तसाच गेला. फुप्फुसावरचा डाग आठ महिन्यांनी सापडला, तोवर सगळं हाताबाहेर गेलं होतं. बाई जाब विचारायला गेल्या, तर डॉक्टरांनी सरळ हात झटकले. "कोड तर तुम्हीच भरलात ना, बाई? माझी सही आहे का कुठे?"

यंदा खुद्द डॉक्टरांची तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घाईघाईत बाईंच्या खिडकीशी आले.

"माझाही नेहमीचाच कोड टाकून द्या."

"रिपोर्ट बघून टाकू का, सर?"

"त्यात काय बघायचंय? मला काय धाड भरलीय?"

"मग इथे तेवढी सही करा."

कागदाकडे न बघताच त्यांनी सही ठोकली आणि शीळ घालत निघून गेले.

बाईंनी खण उघडला. डॉक्टरांचा रिपोर्ट सकाळीच आला होता. त्यातल्या डागावरून त्यांनी तिसऱ्यांदा शांतपणे नजर फिरवली, आणि कपाटात नवऱ्याचा रिपोर्ट आठ महिने पडून होता त्याच कप्प्यात तो नीट ठेवून दिला.