तोंडाला खाच असलेला शंख

"आजी, पाटी वाचता येते ना? ‘शेवाळ खाणारी गोगलगाय’," शोभेच्या माशांचा दुकानदार हसला.

"येते. म्हातारपणी शिकले, पण येते." मी त्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला शंख उचलून उलटा केला. "याच्या तोंडाला खाच आहे. जन्मभर खडकावर कालवं फोडली मी. खाचेचा शंख मांस खातो, गोल तोंडाचा शेवाळ."

गेल्या आठवड्यात माझ्या शेजारी उभ्या नातीने इथूनच गोगलगायी नेल्या होत्या. तिच्या टाकीतल्या चार मेलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मी त्याच्यापुढे ठेवल्या. प्रत्येकीच्या शिंपीला सुईएवढं भोक, मांस खाणारा शंख पाडतो तसं.

त्याचं हसू गेलं. "गोल तोंडाच्या बदलून देतो."

"त्या देशीलच. पण आपणच पाणी नीट बदललं नाही म्हणून मेल्या, असं म्हणत ही पोर चार दिवस रडतेय. आधी तिला सांग, कोणी मारल्या."